काविळीच्या साथीत आम्ही केलेला गावचा नकाशा: अनुभव, चुका आणि काही प्रश्न

मार्कंडेयकाठ (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, सवडीने वाचा.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावात काविळीची साथ आली. गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, चंदगडच्या हद्दीला लागून. नाव देत नाही, त्याचं कारण पुढे येईलच. माझ्या पुतणीलाही कावीळ झाली. दहावीचं वर्ष, आणि पोर दीड महिना अंथरुणात. त्यामुळे हा विषय माझ्या घरातला आहे.

पहिले पंधरा दिवस जो तो आपापला अंदाज सांगत होता. कुणी म्हणे जत्रेतलं जेवण, कुणी म्हणे उसाचा रस, कुणी म्हणे नवीन मारलेल्या बोअरचं पाणी. निम्मं गाव झाडपाल्याच्या औषधाला रांग लावून होतं. आशाताईंच्या वहीत सगळी नावं होती. पण वहीत नावं एकाखाली एक येतात, कोण कुणाला लागून राहतो ते वहीतून दिसत नाही.

मग आम्ही युवक मंडळाची चार पोरं गल्लोगल्ली फिरलो. ज्या घरात कावीळ, त्या घराच्या दारात उभं राहून फोनवर जागा नोंदवायची, वय आणि डोळे पिवळे दिसल्याची तारीख विचारायची. तीन संध्याकाळी लागल्या. रात्री सगळे ठिपके गुगलच्या माय मॅप्सवर चढवले. ठिपके गावभर पसरतील असं वाटलं होतं, पण ते दोन गल्ल्यांच्या खालच्या टोकाला एका रेषेत पडले.

ती रेषा कसली, ते आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना. पंचायतीत पाइपलाइनचा नकाशा मागितला, तर तसा नकाशाच नव्हता. शेवटी नळ सोडणाऱ्या मामांना गाठलं. ते म्हणाले, "कागद कशाला पाहिजे रे पोरा, चल की माझ्यासंगट." फोनवर चाललेली वाट नोंदवायची सोय चालू केली आणि मामांच्या मागून अख्खी लाइन चाललो. कुठे जोड आहे, कुठे व्हॉल्व, कुठे जुना पाइप तसाच पुरून ठेवलाय, सगळं त्यांना पाठ. तीस वर्षं त्या माणसाच्या डोक्यात असलेली लाइन त्या दिवशी पहिल्यांदा नकाशावर आली.

मामांची वाट आणि आमचे ठिपके एकमेकांवर ठेवले. आजारी घरं एका व्हॉल्वच्या पुढची होती. त्या व्हॉल्वचा खड्डा गटारीला खेटून, पावसात गटार तुंबली की खड्डा भरणार. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी दोन तास पाणी येतं. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, आतला दाब जातो, आणि जोड सैल असेल तर बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. पुढच्या वेळी नळ सुटला की पहिल्या हंड्यात तेच येतं. आमच्या बायका पहिलं पाणी भांड्याला आणि दुसरं प्यायला धरतात. पण पाणी कमी आलं, तर ही निवड कोण करत बसणार?

पाच ठिपके मात्र या रेषेपासून लांब, पार वरच्या गल्लीत. दोन दिवस त्यांनी आम्हाला छळलं. मग वयानुसार रंग दिले, तर पाचही पोरं सात ते अकरा वर्षांची. सगळी एकाच शाळेत, आणि शाळेची टाकी त्याच लाइनवर भरते.

आता आमच्या चुका. आमच्याच एका पोराने उत्साहात नकाशाची लिंक गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. घरावर ठिपका असलेल्या एका कुटुंबाचा दुधाचा रतीब दुसऱ्या दिवसापासून बंद. नकाशा तासाभरात काढला, पण तोवर अनेकांनी त्याचे फोटो काढून ठेवले होते. ते कुटुंब अजून आमच्याशी धड बोलत नाही आणि त्यांचं बरोबर आहे. गावाचं नाव देत नाही ते म्हणून.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. घरं उघडी न पाडता नकाशा कसा करावा? हद्दीपलीकडच्या गावांची माहिती कशी जोडावी? आणि पुढच्या पावसाळ्याआधी काय काय नोंदवून ठेवावं?

---

निवृत्त_निरीक्षक | सोमवार, रात्री १०:४०

पोरांनो, शाबास. मी आरोग्य खात्यात छत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी याच भागात सायकलवर.

नकाशा आमच्या वेळीही होता. राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम १९५३ ला आला, १९५८ ला त्याचं निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झालं. मी नोकरीला लागलो तेव्हा जुनी माणसं त्याच शिस्तीत वाढलेली होती. प्रत्येक घराला नंबर, दारामागे भेटीच्या तारखांचा तक्ता, आणि केंद्राच्या भिंतीवर हाताने काढलेला गावाचा नकाशा: विहिरी, डबकी, गोठे, पाणवठे, ओढा. ताप आलेल्या घरावर टाचणी. दर आठवड्याला मी ती भिंत बघायचो आणि टाचण्या कुठे सरकल्या त्यावरून पुढच्या फेरीचा रस्ता ठरवायचो.

तुझ्या नकाशात एक गोष्ट हवी होती ती लिहितो. काविळीत ठिपक्याच्या जागेइतकीच तारीख महत्त्वाची. दूषित पाणी पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला अ प्रकारच्या काविळीत १५ ते ५० दिवस लागतात, साधारण चार आठवडे धर. ई प्रकारात त्याहून थोडे जास्त. म्हणजे जुलैच्या मध्यात पेशंट दिसले तर जूनच्या मध्यात गावात काय झालं ते विचारायचं. रस्ता खणला का? गटारीचं काम निघालं का? मोटर जळून पाणी आठवडाभर बंद होतं का? जुलैतला खड्डा बघून जूनचा गुन्हेगार सापडेलच असं नाही. कॉलऱ्यात मात्र काही तासांपासून पाच दिवसांत सगळं दिसतं, तिथे आजचा खड्डा आजच बघायचा.

आणखी एक. कावीळ ई प्रकारची असली तर गरोदर बाईच्या जिवाला मोठा धोका असतो. तेव्हा नकाशावर पेशंटांच्या आधी त्या लाइनवरच्या गरोदर बायकांची घरं बघून घ्यावीत, आणि त्यांना पाणी उकळून प्यायला त्याच दिवशी सांगावं. ही यादी आशांकडे असतेच.

पाणी तपासलं होतं का? उरलेला क्लोरिन बघायची ओटी टेस्ट केली का?

---

मार्कंडेयकाठ | सोमवार, रात्री ११:०५

काका, ओटी केली होती, पण टाकीजवळ. तिथे पिवळा रंग छान आला.

---

निवृत्त_निरीक्षक | मंगळवार, सकाळी ६:२०

इथेच सगळे फसतात. टाकीजवळ क्लोरिन असणारच, पावडर तिथेच टाकलेली असते. तपासायचं शेवटच्या नळाला. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेला क्लोरिन मिळाला पाहिजे. शेवटच्या घरात रंग आला नाही तर मधे कुठेतरी घाण आत येते आणि क्लोरिन खाऊन टाकते. पुढच्या वेळी दहा नळ घे, टाकीपासून शेवटापर्यंत, आणि प्रत्येकाचा रंग नकाशावर मांड. रंग जिथे उडाला, त्याच्या अलीकडेच भोक आहे. माणसं आजारी पडायची वाट बघायला नको.

---

सह्याद्रीतला | मंगळवार, सकाळी ९:५०

मूळ खानापूरचा, सध्या पुण्यात, नकाशांचंच काम करतो. काकांचा नळांच्या रंगाचा नकाशा मला फार आवडला. रोगाचा नकाशा उशिरा तयार होतो, पाण्याचा आधी करून ठेवता येतो.

घरं उघडी न पाडण्याबद्दल: दोन गोष्टी कायम वेगळ्या ठेवा. विहीर, बोअर, व्हॉल्व, टाकी, गटार, शाळा, अंगणवाडी हे सगळं खुशाल ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे सगळ्यांना भरता-बघता येणाऱ्या नकाशावर, घाला, ते गावाचं आहे. तिथे एकाच जागेला कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशी वेगवेगळी नावं नोंदवता येतात, आपल्या भागात तर ते हवंच. पेशंट मात्र तिथे कधीच घालायचे नाहीत. ते क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये, एकाच संगणकावर, तेही नावाशिवाय. घराला एक संकेतांक द्या. संकेतांक आणि नाव यांची जोडणी आशाताईंच्या वहीत, कागदावर, कुलपात. क्यूजीआयएस फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं.

बाहेर दाखवायचा नकाशा तिसरा. त्यात घरं नसतात, गल्ल्या असतात. गल्लीत किती माणसं राहतात आणि त्यातली किती आजारी, ते शंभरी प्रमाणात काढून रंग भरायचा. साठ माणसांच्या गल्लीत सहा पेशंट आणि चारशे माणसांच्या गल्लीत दहा, यात जास्त त्रास कुठे आहे ते नुसत्या ठिपक्यांवरून कळत नाही. आणि पेशंट पाचाहून कमी असतील तर आकडा द्यायचाच नाही. लहान गल्लीत एकच पेशंट असला की त्याचं नाव लिहिल्यासारखंच होतं.

गोळा करताना माय मॅप्सऐवजी कोबोटूलबॉक्स वापरून बघा. फॉर्म मराठी आणि कन्नड दोन्हीत करता येतो, रेंज नसली तरी भरता येतो, रेंजमध्ये आल्यावर माहिती वर जाते. आमच्या भीमगड अभयारण्यातल्या गवाळी, कोंगळा, पास्तोली या गावांना याशिवाय इलाज नाही. फोनची जागा मोकळ्यावर पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवते. पत्र्याखाली किंवा अरुंद बोळात उभं राहिलात तर ठिपका पाठच्या गल्लीत जाऊन पडेल, तेव्हा अंगणात येऊन नोंदवा.

---

पश्चिमभाग_आशा | मंगळवार, दुपारी २:३०

मी आशा आहे. सगळं वाचलं. चांगलं चाललंय, पण माझंही ऐका.

आमच्याकडे आधीच वह्या किती आहेत ते मोजा की. गरोदर बायकांची, लसीकरणाची, टीबीची, बीपी-शुगरची, शिवाय फोनमधली अॅप. त्यातली काही नुसती इंग्रजीत, काही कन्नडमध्ये. माझं शिक्षण मराठी शाळेत झालंय. कन्नड बोलते, वाचायला वेळ लागतो. नवीन फॉर्म आला की पहिले आठ दिवस चुकांचे जातात, आणि चुकीचा दोष आमच्यावर.

दुसरं, नकाशात जिथे खूप ठिपके तिथे रोग जास्त, असं समजू नका. आमच्या गावात मी रोज फिरते, म्हणून माझ्या वाड्यात पेशंट जास्त "सापडतात". शेजारच्या वाड्याच्या आशा बाळंतपणाच्या रजेवर होत्या. त्यांच्याकडे तीन महिने एकही ताप नोंदला नाही. तिथे कुणाला ताप आलाच नसेल का? आणि मळ्यातल्या वस्तीवरची, वीटभट्टीवरची माणसं कुणाच्याच वहीत नसतात.

घरोघर पोरांनी जाऊ नये असं माझं मत. सून आजारी असली तर सासू चार अनोळखी पोरांना सांगत नाही. मला सांगते.

---

मार्कंडेयकाठ | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

ताई, तुमचं वाचून गप्प बसलो. आमच्या नकाशातही एक गल्ली पूर्ण मोकळी होती. आम्ही म्हटलं, वा, इथलं पाणी चांगलं. तुमचा प्रतिसाद वाचून आज आईला विचारलं. ती म्हणाली, "त्या गल्लीतली माणसं आजारपण बाहेर काढत नाहीत, थेट बेळगावात खासगी डॉक्टरला दाखवतात." म्हणजे मोकळी जागा आम्ही "रोग नाही" म्हणून वाचली. पुढच्या वेळी जिथे विचारलंच नाही ती घरं करड्या रंगात दाखवणार, आणि विचारून "नाही" आलं ती पांढऱ्या रंगात.

---

वाचनालय_कडोली | मंगळवार, रात्री ८:४५

या विषयावर लंडनच्या जॉन स्नोची गोष्ट नेहमी सांगतात: १८५४ साली सोहोत कॉलरा, डॉक्टरने नकाशा काढला, ब्रॉड स्ट्रीटचा पंप सापडला, पंपाचा दांडा काढला, साथ थांबली. खरा क्रम थोडा वेगळा आहे आणि आपल्या कामाचा आहे.

दांडा काढला ८ सप्टेंबर १८५४ ला. नकाशा त्याने त्यानंतर तयार केला, डिसेंबरमध्ये एका वैद्यकीय मंडळापुढे ठेवला. दांडा काढण्याआधी त्याच्याकडे मृतांची यादी होती आणि तो दारोदार विचारत फिरला होता: पाणी कुठून भरता? साथ तेव्हा ओसरायलाही लागली होती, कारण माणसं घरं सोडून पळाली होती. म्हणजे कामाला आली ती विचारपूस. नकाशा लागला बाकीच्यांना पटवायला.

आणि त्याला पटलं ते ठिपक्यांच्या गर्दीपेक्षा न जुळणाऱ्या जागांमुळे. पंपाशेजारच्या दारूच्या भट्टीतले कामगार वाचले, कारण ते बिअरच पीत आणि त्यांची विहीर वेगळी होती. जवळच्या अनाथ-गरिबांच्या कामघरात शेकडो माणसं असून मृत्यू फार थोडे, कारण तिथेही स्वतःची विहीर. उलट लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई दगावली, कारण तिला याच पंपाचं पाणी आवडायचं म्हणून ती रोज मागवून घ्यायची. मार्कंडेयकाठ, तुमची वरच्या गल्लीतली पाच पोरं म्हणजे ती हॅम्पस्टेडची बाईच.

पुढे हेन्री व्हाइटहेड नावाच्या तिथल्याच पाद्रीने पहिला पेशंट शोधला. पंपाच्या अगदी समोरच्या घरातलं तान्हं बाळ, त्याचे लंगोट धुतलेलं पाणी ज्या खड्ड्यात जायचं तो विहिरीपासून हाताच्या अंतरावर होता. व्हाइटहेडला आधी स्नोचं म्हणणं मान्यच नव्हतं. पण तो तिथला, लोक त्याला घरात घेत. ताईंनी दुपारी लिहिलं ते हेच.

---

जंगलवाट_खानापूर | बुधवार, सकाळी ७:३५

माकडतापाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितोय. तिथे घराचा नकाशा काढून उपयोग नाही.

हा रोग १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला, म्हणून क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. कन्नडमध्ये मंगन कायिले. गोचिडीतून येतो, जंगलात माकडं मरायला लागली की समजायचं. साधारण डिसेंबर ते मे हा त्याचा काळ. २०१६ मध्ये दोडामार्गच्या केर गावात आला, पुढच्या वर्षी बांद्याकडे. गोव्यात सत्तरी तालुक्यात होताच. आणि त्याच २०१६ च्या उन्हाळ्यात आपल्या बेळगाव जिल्ह्यातून सत्तरीत काजूच्या बागांत कामाला गेलेल्या मजुरांना माकडताप झाल्याचं निदान झालं.

आता हा ठिपका कुठे टाकायचा? पेशंटचा पत्ता कर्नाटकातला. गोचीड चावली गोव्यात. आमच्याकडची माणसं काजूच्या हंगामात चोर्ला घाट उतरतात, दोन-तीन महिने बागेत राहतात, ताप आला की गावाला परत येतात, कारण आजारी माणसाला घर आठवतं. पत्त्यावरून नकाशा केला तर ठिपके खानापूरच्या गावागावांत विखुरलेले दिसतील आणि कुणीतरी आमच्या जंगलात औषध मारायला येईल. कामाच्या जागेवरून केला तर सगळे एका बागेत गोळा होतील.

म्हणून फॉर्ममध्ये "राहता कुठे" याच्यासोबत "गेल्या पंधरा दिवसांत कुठे होता, काय काम करत होता" हा रकाना पाहिजेच. आणि मेलेल्या माकडाची जागा नोंदवायची सोय गुराख्यांच्या, लाकूडफाट्याला जाणाऱ्या बायकांच्या हातात पाहिजे. मेलेल्या माकडाला हात न लावता, लांबून फोटो, जागा आणि तारीख एवढंच. माणसाला ताप यायच्या आधी जंगल आपल्याला सांगत असतं. ते ऐकायला नकाशासारखं साधन नाही.

---

शिनोळी_फाटा | बुधवार, दुपारी १२:१५

मी हद्दीपलीकडचा, चंदगड तालुक्यातला. पलीकडचा म्हणायचं एवढंच. बाजार, दवाखाना, कॉलेज सगळं बेळगावात. आम्हाला कोल्हापूर लांब पडतं. आमच्याकडचा माणूस तापला की वेंगुर्ला रस्त्याने बेळगावच्या दवाखान्यात दाखल होतो. रक्ताचा रिपोर्ट तिथेच निघतो आणि त्या जिल्ह्याच्या नोंदीत जातो किंवा कुठेच जात नाही. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळतं ते माणूस बरा होऊन आल्यावर, तेही चहाच्या टपरीवर. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत एका पावसाळ्यात डेंग्यूचे इतके पेशंट निघाले की प्रत्येक घरात कुणीतरी सलाईनवर होतं, आणि सरकारी कागदावर गाव कोरं राहिलं. फवारणीचं मशीन आलं ते साथ सरल्यावर.

रोगसर्वेक्षणाचा केंद्राचा कार्यक्रम २००४ पासून आहे. गावातल्या आरोग्यसेविकेचा एक फॉर्म, डॉक्टरचा दुसरा, प्रयोगशाळेचा तिसरा. २०२१ पासून देशभर हे एका संगणकीय मंचावर आलंय, गावाच्या पातळीवर नोंद होते. व्यवस्था चांगली आहे. पण गावकऱ्याला त्यातलं काही दिसत नाही, आणि पेशंट एका राज्यातला, दवाखाना दुसऱ्या राज्यातला असला की ती नोंद आमच्या सिस्टरपर्यंत वेळेत पोचल्याचं मी तरी बघितलेलं नाही.

पाण्याचंही तेच. बेळगाव शहराला मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयाचंही पाणी येतं. त्या जलाशयाचं पाणी आमच्या तुडयेच्या शिवाराला लागतं. वरच्या ओढ्यात काय वाहून येतं, शेतात काय फवारतात, ते इकडच्या नकाशावर. पिणारे तिकडच्या नकाशावर. तुमच्या नकाशाची रेघ हद्दीवर संपली तर मार्कंडेय नदी काय संपते काय?

---

सीमावासी_७३ | बुधवार, दुपारी १२:४०

हा सगळा भाग महाराष्ट्रात आला असता तर हा प्रश्नच नव्हता. आधी ते बोला.

---

संपादक | बुधवार, दुपारी १:२०

सीमाप्रश्नावर इथे स्वतंत्र धागे आहेत आणि तो प्रश्न कुणालाच छोटा वाटत नाही. हा धागा साथीपुरता ठेवूया.

---

जंगलवाट_खानापूर | बुधवार, दुपारी १:५५

शिनोळी_फाटा, नावाचाही घोळ लक्षात घ्या. दवाखान्याच्या नोंदवहीत नुसतं "सुळगा" लिहिलं, तर हिंडलग्याजवळचं की येळ्ळूरजवळचं? कंग्राळी लिहिलं तर बुद्रुक की खुर्द? एकाच गावाचं इंग्रजी स्पेलिंग कन्नड उच्चारावरून एक, मराठीवरून दुसरं. संगणकाला ती दोन गावं वाटतात, आणि ठिपके अर्धे-अर्धे वाटले जातात. साथ आहे हे कळायला लागणारी गर्दी कुठेच होत नाही.

---

सह्याद्रीतला | बुधवार, संध्याकाळी ६:३०

अगदी बरोबर. त्यावर उपाय म्हणजे गावाचं नाव हाताने लिहायचंच नाही. जनगणनेत प्रत्येक गावाला क्रमांक आहे. फॉर्ममध्ये यादीतून गाव निवडायचं, यादीत नाव कन्नड आणि मराठीत दिसेल, आत क्रमांक साठेल. चंदगडच्या आणि खानापूर-बेळगावच्या गावांची मिळून एकच यादी करता येते. मी करून देतो, एक रविवार लागेल.

हद्दीपलीकडची माहिती मिळवायला कुणाची नोंदवही मागायची गरज नाही. दोन्हीकडच्या गावांनी "गल्ली, तारीख, लक्षण, कुठे कामाला होता" एवढंच, नावाविना, एका ठिकाणी दिलं तरी पुष्कळ.

आणि घरांच्या ठिपक्यांबद्दल पुन्हा एकदा. मार्च २०२० मध्ये कर्नाटक सरकारने घरी विलगीकरणात ठेवलेल्या लोकांचे पत्तेच जाहीर केले होते. तेव्हा काय भीती पसरली ते आपण बघितलंय. पत्ता उघडा पडेल या धाकाने माणूस ताप लपवतो, आणि लपवलेला ताप कुठल्याच नकाशावर येत नाही.

---

टिळकवाडी_सायकल | बुधवार, रात्री ९:२०

शहरातला अनुभव. आमच्या कॉलनीत डेंग्यू झाला की घराभोवती धूर मारतात. पण एडिस डास दिवसा चावतो आणि फार लांब उडत नाही, साधारण शंभर-दोनशे मीटरच्या आतच फिरतो. दिवसभर उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, कामाला असलेला माणूस रात्री आमच्या कॉलनीत फक्त झोपतो. त्याला डास चावला कुठे? जंगलवाटांचा काजूचा मुद्दा शहरातही लागू आहे.

मी शाळेतल्या पोरांना घेऊन दुसराच नकाशा केला: पाणी साठलेल्या भांड्यांचा. बॅरल, फ्रिजमागचा ट्रे, टायर, झाडाच्या कुंड्या, बांधकामावरचे हौद. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून दर रविवारी फेरी. भांड्यांचे ठिपके सगळ्यांना दाखवता येतात, त्यात कुणाच्या आजाराची बदनामी नाही. एक गोष्ट मात्र ठळक दिसली. जिथे नळाला चोवीस तास पाणी आहे तिथे बॅरल जवळजवळ नाहीत. जिथे आठवड्यातून एकदा येतं, तिथे प्रत्येक दारात दोन. लोकांना झाकण ठेवा म्हणून किती सांगणार?

---

पश्चिमभाग_आशा | बुधवार, रात्री १०:१०

भांड्यांचा नकाशा पोरांनी करावा. त्याला माझी ना नाही. पेशंटांचं माझ्याकडे राहू द्या. मी संध्याकाळी घराचा संकेतांक आणि तारीख सांगेन, एक जणाने भरावं. फॉर्म मराठीत असेल तर मीच भरते.

---

निवृत्त_निरीक्षक | गुरुवार, सकाळी ६:०५

व्हॉल्वचं पुढे काय झालं ते धाग्यात आलंच नाही.

---

मार्कंडेयकाठ | गुरुवार, रात्री ९:००

काका, लिहायचं राहिलं. घरांचे ठिपके काढून, फक्त पाइपलाइन, गटार आणि गल्ल्यांचे रंग असा नकाशा मोठ्या कागदावर छापला. नावं वर कन्नडमध्ये, खाली मराठीत. कन्नड आमच्या गावच्याच एका मास्तरांनी तपासून दिलं. ग्रामसभेत भिंतीला लावला. त्याआधी याच तक्रारीचे दोन अर्ज आम्ही दिले होते, त्यांचं काही झालं नव्हतं. त्या दिवशी मात्र बायका उठून नकाशापाशी आल्या, आपली गल्ली बोटाने शोधू लागल्या. एक आजी म्हणाली, "हे बघ, माझा नळ इथं हाय," आणि तिथून पुढची सगळी सभा त्या भिंतीशीच झाली. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेबांनी तिथेच नळवाल्या मामांना पुढे बोलावलं. तीन आठवड्यांनी व्हॉल्व गटारीपासून हलवून वर काँक्रीटच्या चौकटीत बसवला, आणि तेवढ्या भागाचा पाइप बदलला.

या चार दिवसांच्या चर्चेनंतर आज जुने ठिपके पुन्हा काढले आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे तारखा महिनाभर मागे नेल्या. बहुतेक पेशंटांची पाणी प्यायची वेळ जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येते. मामांना विचारलं. त्या आठवड्यात मोटर जळाली होती, सहा दिवस पाणी नव्हतं, आणि सातव्या दिवशी नळ सुटले. पाणी गढूळ आल्याचं त्यांना पक्कं आठवतं.

पण तीन पेशंटांच्या तारखा त्याच्याही आधीच्या आहेत, मेच्या शेवटी पाणी प्यायलेल्या. तिघांचीही घरं वेगवेगळ्या गल्ल्यांत. तिघंही त्या वेळी गावात नव्हते, चंदगडकडच्या एका लग्नाला गेले होते असं आज कळलं.

शिनोळी_फाटा, गावाचं नाव तुम्हाला खासगी निरोपात पाठवलंय. तिथे मेअखेर किंवा जूनमध्ये कावीळ होती का, एवढं तिथल्या आशाताईंना विचाराल का?

---

शिनोळी_फाटा | गुरुवार, रात्री ९:३५

निरोप मिळाला. ती माझी मावसबहीणच आहे. उद्या सकाळी जाऊन वही बघतो.